सुंभातून वीज जाते का? घरी तपासायची रीत

मी वायरमन आहे. कोकणातल्या शिरोड्याच्या आसपासच्या वाड्यांमधून ३१ वर्षं घरांचं वायरिंग करतोय. कामाला लागून दुसरंच वर्ष होतं, श्रावणाचे दिवस. एका घराच्या पडवीवर लोंबणारी सर्व्हिस वायर (खांबावरून घरात येणारी) बाजूला ओढून धरायची होती. सुकी काठी हाताशी नव्हती म्हणून खळ्यात पडलेला होडीचा सुंभ उचलला, त्याचा फास वायरीत टाकला आणि ओढलं. सुंभ म्हणजे नारळाच्या सोडणाचा काथ्या, त्यातून वीज जात नाही, हे मला पाठ होतं. वायरीचं कव्हर एका जागी उडालेलं होतं. असा झटका बसला की शिडीवरून थेट अंगणात आलो. उजवा हात दोन दिवस बधिर होता.

तो सुंभ आदल्या दिवसापर्यंत खाऱ्या पाण्यात होता. कोरड्या सुंभाबद्दल मला माहीत होतं ते खरंच होतं, ओल्याचा विचार मी कधी केला नव्हता. तेव्हापासून कुठलीही वस्तू हातात घेतली की मी एकच प्रश्न विचारतो: ह्याच्या आत हलायला मोकळं काय आहे? २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळानंतर आमच्याकडे बरेच दिवस वीज नव्हती. तेव्हा नववीत जाणाऱ्या पुतणीला घेऊन हाच प्रश्न आम्ही घरातल्या प्रत्येक वस्तूला विचारला. ती रीत इथे सांगतो.

आधी टेस्टर बनवा. नऊ व्होल्टचा चौकोनी सेल, त्याची क्लिप, एक लाल एलईडी, ४७० ओहमचा एक रेझिस्टर (पिवळा, जांभळा, तपकिरी असे पट्टे असतात), हातभर बारीक वायर आणि दोन शिसपेन्सिली. पेन्सिली दोन्ही टोकांनी तासून घ्या. सेलच्या लाल वायरीला रेझिस्टर जोडा, रेझिस्टरला एलईडीचा लांब पाय, आखूड पायाला वायर आणि त्या वायरीचं टोक पहिल्या पेन्सिलीच्या वरच्या शिशाला घट्ट गुंडाळा. सेलच्या काळ्या वायरीला दुसरी पेन्सिल. दोन्ही पेन्सिलींची खालची टोकं एकमेकांना टेकवली की एलईडी लागला पाहिजे. नाही लागला तर बहुतेक वेळा एलईडी उलटा बसलेला असतो, पाय बदला. रेझिस्टर गाळू नका, त्याच्याशिवाय एलईडी क्षणात जळतो.

ह्या वायरी भिंतीवरच्या बोर्डात कधीही, कुठल्याही कारणाने घालायच्या नाहीत. सेलचे नऊ व्होल्ट हाताला जाणवतही नाहीत. बोर्डातले २३० माणूस मारतात. लहान मूल शेजारी असेल तर टेस्टर आणि बोर्ड एका खोलीत ठेवू नका.

आता वाटीभर चिंचोके घ्या आणि सारवलेल्या जमिनीवर बसा. तांब्याचा अणू मांडायचा आहे. मधे खडूने एक ठिपका, ते अणुकेंद्रक. त्यात २९ प्रोटॉन, ही धन बाजू, आणि शिवाय न्यूट्रॉन. भोवती चार वर्तुळं, त्यांवर चिंचोके: एक चिंचोका म्हणजे एक इलेक्ट्रॉन, ही ऋण बाजू. पहिल्यावर २ चिंचोके, दुसऱ्यावर ८, तिसऱ्यावर १८. मोजून पाहा, २८ झाले. हातात एक उरला. तो चौथ्या वर्तुळावर, एकटा. तांब्यातून वीज सहज जाते त्याचं मूळ ह्या एका चिंचोक्यात आहे.

मांडणीत एक गोष्ट खोटी आहे, ती मुलांना स्पष्ट सांगा. इलेक्ट्रॉन असे रेघेवर बसत नाहीत आणि ग्रहांसारखे फिरतही नाहीत, आणि अंतरं तर मुळीच अशी नसतात. तांब्याचं अणुकेंद्रक एका चिंचोक्याएवढं धरलं तर अख्खा अणू सुमारे पाव किलोमीटर रुंद होतो. आमच्या दारापासून सुरूच्या बनाच्या कडेपर्यंत. मधे जे काही आहे ते इलेक्ट्रॉनचं. अणूला असं भरीव केंद्रक असतं हे रदरफर्डने १९११ मध्ये दाखवलं, इलेक्ट्रॉन त्याआधी १८९७ मध्ये थॉमसनला सापडला होता. मोजणीसाठी मात्र वर्तुळं पुरतात.

तो एकटा चिंचोका केंद्रकापासून सर्वांत लांब, आणि मधल्या २८ जणांची आड. त्याच्यावरची ओढ सैल असते. तांब्याच्या तारेत असे अणू एकाला एक खेटून बसतात तेव्हा हा शेवटचा इलेक्ट्रॉन कुठल्या एका अणूचा राहतच नाही. गावच्या गुरचरणीसारखा सगळ्यांचा होतो, साऱ्या तारेभर हिंडतो. एका घन सेंटिमीटर तांब्यात असे मोकळे इलेक्ट्रॉन किती? ८५ लिहा आणि पुढे २१ शून्यं द्या.

पुतणीने इथे विचारलं, मग वीज म्हणजे हे धावत येतात का? धावत नाहीत. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेतून एक अँपिअर वीज जाते तेव्हा इलेक्ट्रॉनांचा घोळका तासाला जेमतेम २६ सेंटिमीटर सरकतो, एका वितीपेक्षा थोडं जास्त. तरी बटण दाबलं की दिवा लगेच लागतो. ज्याने रापण (किनाऱ्यावरून दोराने ओढायचं मोठं जाळं) ओढली आहे त्याला हे समजवावं लागत नाही. किनाऱ्यावर माणसं पावलापावलाने मागे येतात, पण दोराला ताण बसला की पार तिकडे पाण्यातलं जाळंही त्याच वेळी हलतं. तारेत इलेक्ट्रॉन आधीपासून भरलेलेच आहेत, सेल फक्त ताण देतो. घरातल्या विजेत तर हा ताण सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलतो, म्हणजे तुमच्या पंख्याच्या वायरीतला इलेक्ट्रॉन जागच्या जागी थरथरत असतो. वीजकेंद्रातून तो आलेला नाही, तो तुमच्याच वायरीचा आहे.

एवढं झालं की पेन्सिली घ्या आणि घरभर फिरा. तांब्याचा हंडा, पितळेची घंटा, स्टीलचं ताट: एलईडी झगझगीत. अॅल्युमिनियमच्या टोपातही लागतो, त्याच्या शेवटच्या कवचात, म्हणजे आपल्या शेवटच्या वर्तुळावर, ३ इलेक्ट्रॉन आहेत. तो तांब्याच्या साधारण ६० टक्के वीज वाहतो, पण वजनाला तांब्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून हलका, म्हणून खांबावरच्या तारा अॅल्युमिनियमच्या असतात. कोयत्यावर गंज असेल तर मात्र एलईडी लागत नाही. गंज म्हणजे लोखंड आणि ऑक्सिजन, तिथे इलेक्ट्रॉन गुंतून पडतात. त्याच जागी कानसेने चार वेळा घासा आणि पुन्हा टेकवा. लागेल.

आमच्या किनाऱ्यावरच्या निम्म्या तक्रारी ह्या एका घासण्यात मिटतात. खारा वारा तांब्याला हिरवा थर चढवतो. जॉइंटवर तो चढला की विजेला वाट अरुंद होते, जागा तापते, तापली की तांबं आणखी विरोध करतं आणि एक दिवस बोर्डाला काळा डाग दिसतो. होडीवरच्या चांगल्या वायरीतलं तांबं पांढरट दिसतं ते ह्यासाठीच, त्याला कथिलाचा मुलामा असतो. आपण पातेल्याला कल्हई लावतो तीच युक्ती. आणि तांब्याची व अॅल्युमिनियमची वायर एकमेकींना पिळून जॉइंट कधी मारू नका. खाऱ्या दमट हवेत त्या दोघांचा मिळून सेल तयार होतो आणि अॅल्युमिनियम खाल्लं जातं.

पेन्सिलीचं शिसं हे खरं शिसं नाही, ते ग्रॅफाइट, म्हणजे कार्बन. कार्बनच्या बाहेरच्या कवचात ४ इलेक्ट्रॉन. ग्रॅफाइटमध्ये प्रत्येक अणू तीनच शेजाऱ्यांचे हात धरतो, चौथा मोकळा राहतो, म्हणून आपला टेस्टर चालतो. हिऱ्यातही कार्बनच, पण तिथे चारही गुंतलेले, म्हणून हिरा विसंवाहक. पदार्थ एकच, मांडणी वेगळी. सोलरच्या पाटीतल्या सिलिकॉनचेही चार हात गुंतलेले असतात, त्यात पाच इलेक्ट्रॉनवाला फॉस्फरस जरासा मिसळला की एक उरतो आणि वाट उघडते. तो विषय मोठा आहे, आज फक्त ओळख.

आता मीठ. मिठागरातलं जाडं मीठ तव्यावर गरम करून पूर्ण कोरडं करा, तवा उतरवून ते बशीत थंड होऊ द्या, मग त्यात पेन्सिली खुपसा. एलईडी लागणार नाही. तेच मीठ चमचाभर एका कपभर पाण्यात विरघळवा आणि पेन्सिली बुडवा. पुतणी ओरडलीच, "काका, दिवो लागलो! मगाशी कित्याक नाय?"

चिंचोके पुन्हा मांडा. सोडियम: २, ८, १. क्लोरीन: २, ८, ७. सोडियमला एक जड झालाय, क्लोरीनला एक हवाय. दिलाघेतला, आणि दोघेही आयन झाले, एक धन, एक ऋण. मिठाच्या खड्यात हे आयन एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की हलायला जागाच नाही. इलेक्ट्रॉनही मोकळा नाही, तो क्लोरीनने गिळला. पाण्यात मात्र ही पकड सुटते आणि आयन पोहू लागतात. तारेत इलेक्ट्रॉन सरकतो, पाण्यात अख्खा आयन. म्हणून खाऱ्या पाण्यात वीज गेली की काहीतरी बदलतंच. पेन्सिलीच्या टोकांना बुडबुडे येतील, आणि सेलच्या धन बाजूच्या टोकाशी विहिरीत टाकतात त्या टीसीएलसारखा वास येईल. तो क्लोरीन. हा प्रयोग पडवीत करा, अर्ध्या मिनिटाच्या वर पेन्सिली बुडवून ठेवू नका, आणि पेन्सिलींऐवजी तांब्याची टोकं वापरू नका, ती विरघळून पाणी हिरवट होतं.

साखर घातल्याने साध्या पाण्यातला एलईडीचा उजेड वाढत नाही. साखर विरघळते पण तिचे तुकडे धन-ऋण होत नाहीत. शहाळ्याचं पाणी चांगलं लागतं, त्यात पोटॅशियम भरपूर. कोकमाचं आगळ तर मिठाचं आणि आंबट, दोन्ही. खोबरेल तेलात काहीच नाही, सगळे इलेक्ट्रॉन बंधांत अडकलेले. ट्रान्सफॉर्मरच्या टाकीत तेल असतं ते ह्या गुणामुळेही. विहिरीच्या पाण्यात एलईडी मंद, पागोळीच्या पाण्यात अंधारात डोळे लावून पाहिलं तर कदाचित. एक लक्षात ठेवा, एलईडी फक्त हो-नाही सांगतो. तांबं समुद्राच्या पाण्यापेक्षा साधारण एक कोटीपट चांगलं वाहतं, तो फरक ह्या टेस्टरला दिसत नाही.

शेवटी सुंभ घ्या. कोरडा: नाही. खाऱ्या पाण्यात भिजवून पिळलेला: लागतो. माझ्या हाताला त्या दिवशी बसलं ते हेच. आणि आपलं अंग म्हणजे तरी काय, कातडीच्या पिशवीत खारं पाणी. कोरडी कातडी लाखभर ओहमपर्यंत अडवते, घामाने किंवा पावसाने भिजली की हजारच्या घरात येते. २३० भागिले १०००: ०.२३ अँपिअर. ३० मिलिअँपिअर (०.०३ अँपिअर) गळती झाली तरी आरसीसीबी, म्हणजे बोर्डातला गळती ओळखणारा स्विच, लाइन तोडतो, म्हणजे हा आकडा त्याच्या सातपटीहून जास्त. पावसाळ्यात ओल्या हाताने मोटरचं बटण दाबणाऱ्या प्रत्येकाला मी हा भागाकार करायला लावतो, आणि ज्या घरात आरसीसीबी नाही तिथे तो बसवल्याशिवाय दुसरं काम घेत नाही.

जांभ्या दगडाचा तुकडाही तपासा, सुका आणि भिजलेला. सुक्यात काही नाही, भिजलेल्यात मंद. हे छोटं वाटेल, पण आमच्याकडे घराखाली सगळा जांभाच. पावसाळ्यात जमीन ओली, अर्थिंग, म्हणजे गळकी वीज पुरलेल्या पाइपातून जमिनीत उतरवणारी वाट, ठीक चालतं. एप्रिलमध्ये जांभा सुकतो, आयनांना पोहायला पाणी राहत नाही, आणि जमिनीत पुरलेला पाइप नुसता पुरलेला राहतो. म्हणून खड्ड्यात कोळसा आणि मीठ थरांनी घालतात: कोळसा ओल धरतो, मीठ आयन देतं. मीठ पाइपही खातं, तेव्हा दोन-तीन वर्षांनी परवानाधारक वायरमनकडून मोजून घ्या. तुमच्या हातचं काम एवढंच, होळीनंतर पाऊस लागेपर्यंत दर आठवड्याला त्या खड्ड्यात दोन कळशा पाणी ओतायचं. आमच्याकडे ते पुतणी करते, आणि ओतून झालं की क्लँपवर हिरवं चढलंय का ते लांबूनच वाकून बघते, हात न लावता, आणि मला येऊन सांगते.