पोषणाच्या संशोधनात यायचंय? आधी बाळाची लांबी घेऊन दाखवा

दरवर्षी दोन-चार मुली भेटायला येतात. कुणी एमएस्सी न्यूट्रिशन, कुणी बीएएमएस, एखादी समाजकार्यवाली. प्रश्न ठरलेला: "मॅडम, पीएचडी कुठून करू?" मी त्यांच्या हातात इन्फँटोमीटर, म्हणजे बाळाची लांबी मोजायची सरकती फळी, देते आणि शेजारच्या अंगणवाडीत पाठवते. दहा बाळांची लांबी घ्या, पहिला कागद माझ्याकडे द्या, आणि तासाभराने त्याच दहाजणांची पुन्हा घ्या. एकाच बाळाच्या दोन मापांत अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त फरक पडत असेल, तर पीएचडीचं नंतर बोलू.

दोन वर्षांखालचं मूल झोपवून मोजायचं, त्यावरचं उभं करून. झोपवून घेतलेलं माप उभ्या मापापेक्षा साधारण 0.7 सेंटिमीटर जास्त भरतं. कसं घेतलं ते लिहिलं नाही, तर दोन वर्षांचं झालेलं मूल कागदावर चक्क आखडतं. मोजायला दोघी लागतात. एकीने डोकं फळीला टेकवून धरायचं, दुसरीने गुडघे हलके दाबून पाय सरळ करायचे आणि सरकती फळी तळव्यांना भिडवायची. बाळ रडणारच. आईला त्याला दिसेल असं उभं करा. अंबाडा, क्लिप, टोपी आधी काढा. वजनाच्या वेळी करगोटा नि वाळे उतरवायला आई तयार नसेल तर हट्ट धरू नका, शेऱ्यात लिहा.

मी हे चुका करूनच शिकले. पहिल्या वर्षी मेळघाटात, धारणी तालुक्यात, तीनशेच्या वर मुलं मोजली होती. गाईडनी माझी वही घेतली आणि फक्त दशांशानंतरचा अंक बघत गेले. शून्य, पाच, पाच, शून्य. नीट वाचलं तर 0 ते 9 हा प्रत्येक अंक दहात साधारण एकदा यायला हवा. मी मिलिमीटरच्या रेघा वाचतच नव्हते. सगळी मापं बाद. आता रोज संध्याकाळी मुक्कामी पोचलं की मी आधी तो शेवटचा अंक मोजते, मग जेवते.

वयाचंही तसंच. कार्ड असेल तर उत्तम. नसेल तर होळी, पोळा, दिवाळी यांचा आधार घेऊन महिन्यापर्यंत या. वर्षाखालच्या बाळाचं वय एका महिन्याने चुकलं तरी धडधाकट मूल बुटक्यांत, म्हणजे वयाच्या मानाने कमी उंचीच्यांत, जाऊ शकतं, किंवा उलट.

दंडघेर 11.5 सेंटिमीटरच्या खाली आला, म्हणजे सहा महिने ते पाच वर्षांचं ते मूल सॅममध्ये, म्हणजे अतितीव्र कुपोषणात, आहे. तिथे वही मिटा आणि आधी सेविकेला, आशाताईला सांगा.

गरोदर बायांचं काम याहून अवघड, कारण बाई माहेरी जाते. पहिलं बाळंतपण तिकडेच. तुम्ही सात महिने तिचं वजन घेत बसता आणि जन्मवजन भलत्याच तालुक्यातल्या दवाखान्यात लिहिलं जातं. म्हणून पहिल्याच भेटीत माहेरचं गाव आणि भावाचा फोन नंबर घ्या. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने 1993 मध्ये जवळच्या सहा गावांत अभ्यास सुरू केला, तेव्हा बाया गरोदर राहण्याआधीपासूनच दर महिन्याला त्यांच्या पाळीची नोंद घेतली जायची. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोच्या आसपास, दिसायला काटकुळी. पण कॅलिपरने पाठीवरच्या त्वचेची घडी मोजली तेव्हा चरबी वजनाच्या मानाने फारशी कमी नव्हती. नुसत्या वजनकाट्यावर हे कधीच दिसलं नसतं.

आहार विचारताना "पालेभाजी खाता का?" असं विचारलंत की संपलं. उत्तर "हो" येतं. "काल उठल्यावर तोंडात पहिलं काय गेलं?" इथून सुरू करा आणि रात्रीपर्यंत चालत या. "तेच आपलं रोजचं" म्हणाली तर थांबा, घाई करू नका. तिच्याच घरातली वाटी मागून घ्या, पाणी भरून मोजा. माझ्या गावांत वाटी 90 मिलिलिटरपासून 220 पर्यंत निघाली. सासू शेजारी बसली असेल तर तिलाही बोलतं करा, पण बाईच्या ताटाचं उत्तर बाईकडूनच घ्या. आणि मुलाखत चालू असताना सल्ला देऊ नका. पुढच्या खेपेला ती तुमचाच सल्ला तुम्हाला परत ऐकवेल.

पदवीचं थोडक्यात. पोषण, कम्युनिटी मेडिसिन, एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स), सांख्यिकी, कुठूनही वाट आहे. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था, मुंबईत देवनारची लोकसंख्या अभ्यासाची संस्था आयआयपीएस, पुण्याचं केईएम इथल्या भरतीच्या जाहिराती बघत राहा. प्रोजेक्टवरच्या नोकऱ्या वर्षा-वर्षाच्या कराराच्या असतात, घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा. पीएचडीआधी दोन वर्षं फील्ड इन्व्हेस्टिगेटर म्हणून काढा. मुलांची मापं भरून वाढ तपासायचं डब्ल्यूएचओचं अँथ्रो हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात भरायला स्वतः घेतलेली मापं असली की पाटी कोरी राहत नाही.

जाताना दहा किलोचं प्रमाणित वजन सोबत न्या. रोज सकाळी काटा त्यावर तपासायचा. जड होतं म्हणून मी एकदा ते मुक्कामीच ठेवून गेले होते, आणि काटा त्याच दिवशी बिघडला.