सोललेल्या मटारावरचा रंग सोन्याच्या कणांनी कसा पकडायचा

महापे एमआयडीसीतल्या एका छोट्या टेस्टिंग लॅबमध्ये मी काम करते. एमएस्सीची मुलं प्रोजेक्टला आली की पहिला प्रश्न ठरलेला, "मॅडम, रामन मशीन कुठलं आहे?" रामन मशीन म्हणजे नमुन्यावर लेझर टाकून परत येणाऱ्या प्रकाशावरून पदार्थ ओळखणारं यंत्र. मशीनचं नंतर बघू. मटारावरचा मॅलाकाइट ग्रीन शोधायच्या या कामात घोळ होतो तो काचेच्या भांड्यांत, पाण्यात आणि मीठ कधी घातलं त्यात. म्हणून इथे मशीनच्या आधीचंच जास्त लिहिलंय.

मॅलाकाइट ग्रीन हा कापड रंगवायचा रंग. खाण्यात त्याला परवानगी नाही, तरी भाजी ताजी दिसावी म्हणून तो वापरला जातो. शेंगेतल्या मटाराला कोणी रंग लावत बसत नाही. संशय घ्यायचा तो आयत्या सोललेल्या पिशवीचा.

लेझर रेणूवर पडला की दहा लाखांत जेमतेम एखादा फोटॉन (प्रकाशाचा कण) ऊर्जा बदलून परत येतो, आणि त्या बदलावरून रेणू ओळखता येतो. १९२८ साली रामन आणि कृष्णन यांनी कोलकात्यात हा परिणाम पाहिला तेव्हा समोर नमुना भरपूर होता. मटारावरच्या रंगाच्या लवलेशाचं तसं नाही. १९७४ मध्ये साउदॅम्प्टनला फ्लाइशमन आणि सहकाऱ्यांना खडबडीत चांदीवर बसलेल्या पिरिडिनचा सिग्नल अनपेक्षितपणे जोरात मिळाला, आणि १९७७ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवून दिलं की त्याचं श्रेय नुसत्या वाढलेल्या पृष्ठभागाला देता येत नाही. प्रकाशाबरोबर धातूतले इलेक्ट्रॉन डोलतात आणि कणाजवळचं विद्युतक्षेत्र वाढतं. ही वाढ येणाऱ्या प्रकाशाला मिळते तशी परतणाऱ्यालाही मिळते, त्यामुळे क्षेत्र दहापट झालं तर सिग्नल साधारण दहा हजारपट होतो. सगळ्यात जास्त जोर दोन कणांमधल्या एखाद्या नॅनोमीटरच्या फटीत. रंगाचा रेणू त्या फटीत बसवायचा, एवढंच आपलं काम.

चांदी सोन्यापेक्षा जास्त जोर देते, पण हवेतल्या गंधकाने काळवंडते, आणि ओहोटीला ठाणे खाडीचा वास ज्यांनी घेतलाय त्यांना आपल्या हवेबद्दल वेगळं सांगायला नको. ७८५ नॅनोमीटरचा लेझर असेल तर सरळ सोनं घ्या.

काच अ‍ॅक्वा रेजियाने धुवायची: तीन भाग हायड्रोक्लोरिक, एक भाग नायट्रिक, फ्युम हूडमध्ये (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात), ताजं करून. उरलेलं झाकण घट्ट लावून ठेवू नका, बाटली फुटते. नंतर डीआयोनाइज्ड, म्हणजे क्षार काढलेल्या पाण्याने भरपूर खळबळा. नळाचं पाणी, मोरबेचं असो की एमआयडीसीचं, शेवटच्या धुण्याला चालत नाही. त्यातल्या क्षारांनी कण वेळेआधीच गोळा होतात.

गोल्ड क्लोराइडची कुपी एक ग्रॅमची मिळते. ती उघडून स्टीलच्या चमच्याने तोलायला जाऊ नका. चमचा खराब होतो, गोल्ड क्लोराइडही खराब होतं, आणि आपल्याकडे जुलैत ते पिवळे खडे तोलता तोलता ओले होतात. अख्खी कुपी १०० मिली पाण्यात विरघळवा आणि गडद बाटलीत फ्रीजमध्ये ठेवा. हा झाला एक टक्क्याचा साठा.

त्यातला १ मिली ९९ मिली पाण्यात घाला, कंडेन्सर (वाफ थंड करून परत भांड्यात पाडणारी नळी) लावा आणि ढवळत खळखळ उकळू द्या. मग एक टक्का ट्रायसोडियम सायट्रेटचं १ मिली द्रावण एकदम ओता, थेंब थेंब नको. फिकट पिवळं पाणी आधी रंगहीन होतं, मग करडं-निळसर, मग जांभळट, आणि काही मिनिटांत कोकम सरबतासारखं लाल. आणखी वीस मिनिटं उकळून थंड करा. कण साधारण ४० नॅनोमीटरचे मिळतात. सायट्रेट दुप्पट घेतलंत तर १६ च्या आसपास येतील, पण या कामाला मोठेच बरे. द्रावण कुठला प्रकाश किती शोषतं ते दाखवणाऱ्या यूव्ही-व्हिजिबल यंत्रावर शिखर ५२५ ते ५३० नॅनोमीटरच्या दरम्यान यावं. ६५० च्या पुढे आलेख लोंबत असेल तर कण गोळा झालेत, बॅच टाकून द्या, मोह धरू नका. चांगली बॅच फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीजरमध्ये नाही. गोठली की गेली.

आता मीठ. त्याने कण एकमेकांजवळ येतात आणि मघाच्या फटी तयार होतात. चार कुप्यांत ९०० मायक्रोलिटर सोनं आणि १०० मायक्रोलिटर पाणी घ्या. १ मोलर सोडियम क्लोराइड त्यांत १०, २०, ४०, ६० मायक्रोलिटर असं घाला. लाल रंग जिथे जांभळ्याकडे झुकतो पण तळाशी काळं बसत नाही, ते तुमचं प्रमाण. नमुना मोजताना आधी नमुना, मग मीठ. उलट केलंत तर फटी आधीच तयार होतात आणि रंगाला आत शिरायला वाव राहत नाही. मीठ पडलं की स्टॉपवॉच चालू करा. दोन मिनिटांनी मोजायचं ठरवलं तर प्रत्येक कुपी दोन मिनिटांनीच, मध्ये कोणाचा फोन आला तरी.

मटारासाठी ५ ग्रॅम दाणे ५ मिली इथेनॉलमध्ये हलवून गाळा. ठेचू नका, क्लोरोफिल उतरतं. आपल्याला वरचा रंग हवाय. तुलनेसाठी स्वतः शेंगा सोलून काढलेल्या दाण्यांचाही तसाच अर्क करा. मॅलाकाइट ग्रीन क्लोराइड ३६.५ मिलिग्रॅम १०० मिलीत विरघळवलं की १ मिलीमोलर होतं. हातमोजे घाला, हा रंग विषारी आहे. पुढची दहा-दहापट पातळ द्रावणं शेंगेतल्या दाण्यांच्या अर्कातच करा, साध्या पाण्यात नको. त्यांवरूनच रंगाचं प्रमाण आणि सिग्नल यांचा आलेख काढायचा. अर्कातली साखर आणि प्रथिनं कणांवर जागा अडवतात आणि सिग्नल दबतो. पाण्यातल्या आलेखावरून काढलेला आकडा म्हणून कमीच येणार. पातळ द्रावणं रोज ताजी करा, रंग कुपीच्या भिंतीला चिकटतो.

मशीनवर आधी सिलिकॉनची चकती ठेवून ५२०.५ प्रति सेंमीचं (रामन शिखरांची जागा याच एककात सांगतात) शिखर जागेवर आहे का बघा. ७८५ चा लेझर डोळ्याला मंद लाल दिसतो, म्हणूनच तो धोक्याचा. ती तरंगलांबी अडवणारा चष्मा लावल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. पॉवर थोड्या मिलिवॉटपासून सुरू करा. १३५० आणि १५८० ला दोन रुंद टेकाडं आली तर तो रंग नव्हे, नमुना जळून झालेला कार्बन आहे. मॅलाकाइट ग्रीनची शिखरं अरुंद असतात: १६१६, ११७४ आणि १३९५ च्या आसपास. तिन्ही एकत्र दिसली तरच नाव घ्या. आणि सोनं, मीठ, इथेनॉल असा कोरा नमुना आधी मोजलेला नसेल तर तेव्हाही घेऊ नका.

जास्त रंग म्हणजे जास्त सिग्नल हे ठरावीक मर्यादेपर्यंतच खरं. कणांवरची जागा भरली की आलेख सपाट होतो. आकडा काढायचा तो खालच्या सरळ भागातून. शिवाय हा रंग धनभारित आहे, सायट्रेटचे कण ऋणभारित. रंग फार असेल तर मीठ न घालताच कण गोळा होतात. नमुना टाकताच कुपी जांभळी झाली तर तो पातळ करून पुन्हा घ्या. मासळीसाठी हीच कृती जशीच्या तशी वापरू नका: माशाच्या अंगात या रंगाचं बिनरंगी ल्युको रूप होतं आणि ही शिखरं तिथे मिळणार नाहीत. तक्रार करण्याइतकं पक्कं हवं असेल तर नमुन्याचा अर्धा भाग आधीच बाजूला ठेवून एलसी-एमएसकडे (घटक वेगळे करून वस्तुमानावरून ओळखणाऱ्या चाचणीकडे) पाठवा.

वापरलेलं द्रावण सिंकमध्ये ओतू नका. "सोनं, मीठ, मॅलाकाइट ग्रीन" असं लेबल लावलेल्या बाटलीत जमा करा. अ‍ॅक्वा रेजियाची बाटली वेगळी.