नाट्य-मूव्हमेंट थेरपी शिकताय? आधी भूमिकेतून बाहेर आणायला शिका

नृत्य किंवा नाटक केलंय, मानसशास्त्राची आवड आहे, आता दोन्ही जोडून नाट्य-मूव्हमेंट थेरपी, म्हणजे नाटक आणि शरीराच्या हालचालींतून मनावर उपचार, करायचीय, असं सांगणारी बरीच मुलं-मुली हल्ली भेटतात. बडोद्यात हे साहजिकच आहे. गायनशाळा इथे 1886 मध्ये निघाली. महाराणी चिमणाबाई (पहिल्या) यांच्याबरोबर तंजावरच्या नर्तकी आल्या. पुढे सूरसागर तलावाजवळ विद्यापीठाच्या परफॉर्मिंग आर्ट्स विभागात भरतनाट्यम, कथक, नाट्य असं सगळं पदवीपर्यंत शिकता येऊ लागलं. आपला उमेदवार शरीराने तयार असतो, आणि पहिली अडचणही तिथूनच येते. अरमंडी, म्हणजे भरतनाट्यममधली गुडघे बाहेर वळवून अर्धं बसण्याची स्थिती, नीट बसली नाही की आपला हात आपसूक समोरच्याचा गुडघा सरळ करायला जातो. थेरपीत तो हात आवरायचा. दुरुस्त करायचं नाही, आणि विचारल्याशिवाय स्पर्श तर मुळीच करायचा नाही.

नृत्य-थेरपीची सुरुवात करणाऱ्यांपैकी एक, अमेरिकन नर्तकी मरियन चेस यांनी 1942 मध्ये वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स या मनोरुग्णालयात काम सुरू केलं, तेव्हा त्यांनी रुग्णांना नाच शिकवला नाही. रुग्णाची जी काही हालचाल असेल ती त्या स्वतःच्या अंगात घ्यायच्या आणि त्याला परत दाखवायच्या. यालाच मिररिंग म्हणतात, हे तंत्र तुम्ही वाचलं असेलच. प्रत्यक्षात ते किती बारीक असतं ते सांगते. आमच्या ज्येष्ठ महिलांच्या गटात एक काकू बरेच आठवडे नुसत्या खुर्चीत बसायच्या. पदराचं टोक अंगठ्याने चुरगाळत राहायचं, एवढीच त्यांची हालचाल. एकदा मी माझ्या ओढणीचं टोक तसंच धरलं, त्यांच्याच संथ गतीने. शेजारच्या बेननी धरलं, मग सगळ्यांनी. काकूंनी वर पाहिलं आणि पदर जरासा ओढला. आम्हीही ओढला. त्या दिवशी एवढंच झालं आणि तेवढं पुष्कळ होतं. ज्यांना दर सेशनला काहीतरी घडायला हवं असतं, त्यांनी या क्षेत्रात येण्याआधी थोडं थांबावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

गरब्याबद्दल सगळे विचारतात. गोल करून उभं केलं की आपल्याकडच्या बायका सांगायच्या आत टाळी द्यायला लागतात. वॉर्मअप म्हणून ते उत्तम, कारण अंगाला ओळखीचं असतं, लाज निघून जाते. पण थोड्या वेळाने त्याच तालाच्या आड माणूस लपतो. सगळ्यांचे हात सारखे, पावलं सारखी, कोणालाच स्वतःचं काही दाखवावं लागत नाही. तेव्हा संगीत बंद करून ज्याला-त्याला स्वतःच्या गतीने चालायला सांगा. काम तिथून सुरू होतं.

आता ज्या सापळ्यासाठी हे लिहायला बसले, तो. इथे मी लांबण लावणार आहे.

रिकाम्या खुर्चीचं तंत्र सगळ्यांना माहीत असतं: समोरच्या रिकाम्या खुर्चीत कुणीतरी बसलंय असं मानून त्याच्याशी बोलायचं. सायकोड्रामाचे, म्हणजे प्रसंग नाटकासारखे करून बघण्याच्या उपचारपद्धतीचे जनक मोरेनो यांच्याकडून ते आलं, मानसोपचारतज्ज्ञ फ्रिट्झ पर्ल्समुळे गाजलं. शिकत असताना मी एका कार्यशाळेला गेले होते. घेणारे नावाजलेले होते. त्यांनी मला खुर्चीसमोर बसवलं आणि वारलेल्या वडिलांशी बोलायला सांगितलं. मी बोलले. मग जागा बदलून वडील होऊन उत्तर दिलं. रडू आवरेना. गट रडला, टाळ्याही पडल्या. आणि तेवढ्यात चहा आला. ब्रेक झाला. ती खुर्ची तशीच मधोमध होती, आणि कुणीतरी कप घेऊन तिच्यावर बसलं.

दांडिया बाजारातल्या घरी पोचेपर्यंत मला काही कळत नव्हतं. पुढे कित्येक रात्री झोप नीट लागली नाही. आई म्हणायची, "अगं, थेरपी शिकायला जातेस ना, मग अशी का दिसतेस?" मला वाटायचं, मीच कमकुवत आहे. नंतर चांगल्या सुपरव्हायझरकडे, म्हणजे आपल्या कामावर नजर ठेवून मार्गदर्शन करणाऱ्या अनुभवी थेरपिस्टकडे शिकले तेव्हा समजलं की कमकुवत मी नव्हते. सेशन अर्धवट सोडलेलं होतं.

काय राहिलं होतं, ते नीट ऐका. वडिलांच्या भूमिकेतून मला कुणी बाहेर आणलंच नव्हतं. डी-रोलिंग म्हणतात ते. ज्या खुर्चीवर भूमिका केली तिच्यावरून उठायचं, मोठ्याने म्हणायचं, "मी आता बाबा नाही, मी अमुक", आणि स्वतःचं नाव घ्यायचं. हातपाय झटकायचे. भूमिकेसाठी घेतलेली ओढणी, चष्मा, काठी जे असेल ते स्वतःच्या हाताने परत ठेवायचं. खुर्ची स्वतः उचलून भिंतीशी न्यायची, म्हणजे ती पुन्हा साधी खुर्ची होते. खोलीतल्या चार वस्तूंची नावं घ्यायची, तळपाय जमिनीला टेकल्याचं जाणवू द्यायचं. मग शेअरिंग. त्यात गटाने सल्ला द्यायचा नाही, "तू असं करायला हवं होतंस" म्हणायचं नाही. त्या दृश्यातून स्वतःचं काय आठवलं तेवढंच सांगायचं, म्हणजे मध्ये बसलेला माणूस एकटा पडत नाही. ज्यांनी त्याच्यासाठी सासू, भाऊ, बॉस अशा भूमिका केल्या त्यांनाही बाहेर आणायचं. हे बहुतेक जण विसरतात. दुसऱ्याची खाष्ट सासू होऊन घरी गेलेली बाईही रात्री तळमळते.

म्हणून वेळेचा हिशेब आधी करा. दीड तासाचं सेशन असेल तर शेवटची वीस-पंचवीस मिनिटं मी या बाहेर आणण्याशिवाय दुसऱ्या कशालाच देत नाही. मुख्य प्रसंग कितीही रंगलेला असो, वेळ झाली की थांबवते. आणि सुरुवातीला माणसाची स्वतःची जखम थेट काढतच नाही. एखादं काल्पनिक पात्र घेते. "एका गावात एक बाई होती, तिला कुणी विचारायचं नाही", इथून सुरू केलं की माणूस स्वतःचंच बोलतो, पण त्याला हवं तेव्हा मागे सरकता येतं. ते अंतर राखणं हे आपलं मुख्य कौशल्य. रडवणं कौशल्य नाही. रडू आलं म्हणजे मोकळं झालं, हा समज तुमच्या डोक्यात असेल तर आजच काढून टाका.

घाबरू नका मात्र. हे सगळं शिकण्यासारखं आहे, आणि सरावाने जमतं. पहिल्या काही सेशनमध्ये हात थरथरतील, वेळ चुकेल. सुपरव्हायझर असेल तर सावरता येतं.

आणि सुपरव्हायझर कसा ओळखायचा? मी एकच गोष्ट विचारते: "तुम्ही स्वतः आता कुणाकडे सुपरव्हिजनला जाता?" उत्तर गोलमोल आलं तर मी तिथे फी भरत नाही. शनिवार-रविवारच्या प्रमाणपत्राबद्दल माझं मत कडक आहे. ओळख व्हायला ठीक, पण त्यावर नावापुढे थेरपिस्ट लावू नका. ब्रिटनमध्ये ड्रामाथेरपिस्ट हे नाव नोंदणीशिवाय लावताच येत नाही. आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. ती नसेल तर निदानाच्या वाटेला जाऊ नये. तोवर स्वतःला फॅसिलिटेटर, म्हणजे गट चालवणारा, म्हणा, त्यात कमीपणा नाही. भारतातलं काम पाहायचं असेल तर सोहिनी चक्रवर्ती यांनी 2004 मध्ये सुरू केलेल्या कोलकाता संवेद या संस्थेबद्दल वाचा. हिंसाचारातून सुटलेल्या मुली-बायकांबरोबर नृत्यातून इतकं सातत्याने काम करणारे थोडे आहेत.

गटातलं कुणी ना कुणी विचारेलच, "बेन, आता बरं वाटतंय, गोळ्या बंद करू?" उत्तर एकच: डॉक्टरांना विचारा. कुणी जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल बोललं तर सेशन पुढे रेटू नका. त्या माणसाजवळ थांबा, घरच्यांना आणि मनोविकारतज्ज्ञांना कळवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, रात्रंदिवस चालतो. तो मी खोलीच्या दारावर लावून ठेवते. पहिल्या भेटीतच गटाला सांगते की इथलं बोलणं बाहेर जाणार नाही, पण जिवाला धोका दिसला तर मी गप्प बसणार नाही.

पैशांचं थोडक्यात सांगते. सुरुवातीला यावर घर चालत नाही. मी अजूनही सकाळी शाळेत नाटकाचे तास घेते आणि त्यामुळेच दुपारच्या गटात निवांत मनाने बसू शकते. नवरात्रात गट ओस पडतो, उत्पन्नही आटतं, तेव्हा त्या महिन्याची तजवीज आधीच करून ठेवा. सुपरव्हिजनचे पैसे मात्र त्या महिन्यातही बाजूला काढा.