निवडुंगाचा कोवळा शेंडा टिपताना
आमच्या पुण्याच्या गॅलरीत ऊन सातला येतं नि नऊला समोरच्या इमारतीआड जातं. फोटो काढायचे ते एवढ्याच वेळात, ऊन तिरपं असताना. माझ्या फेरोकॅक्टस जातीच्या निवडुंगाचे नवे काटे शेंड्याच्या मधोमध फुटतात, लालभडक. जुने होतील तसे फिके पडतात. कुंडी अशी ठेवा की ऊन काट्यांच्या मागून येईल. काटे उठून दिसावेत म्हणून पलीकडे, ऊन न अडवता, काळी छत्री उघडून ठेवा (बायको हसते, हसू दे). मोबाइल अगदी जवळ नेला की फोकस सुटतो; वीतभर मागे या, दुप्पट झूम करा आणि पडद्यावर शेंड्याशी बोट दाबून धरा. एचेवेरिया या जाड पानांच्या झाडाच्या कोवळ्या पानांना मात्र हात लावू नका. वरची पांढरी भुकटी पुसली की त्या पानावर परत येत नाही. माझ्या एका कुंडीत अंगठ्याचा ठसा अजून तसाच आहे.