हप्ते थकल्यावर सिबिल सुधारताय? या चुका टाळा

सगळ्यात जास्त घोळ होतो तो एकाच चुकलेल्या हप्त्यापायी. समजा, दुचाकीचा ४,२०० रुपयांचा हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला जातो आणि जूनचा राहिला. जुलैपासून वेळेवर भरतोय म्हणून माणूस निर्धास्त असतो. पण जुलैत भरलेले पैसे साधारणपणे आधी जूनच्या थकबाकीत वळते होतात. मग जुलैचा हप्ता थकीत राहतो, तो ऑगस्टच्या पैशातून फिटतो, आणि क्रेडिट रिपोर्टमधल्या डीपीडीच्या (हप्ता किती दिवस थकला त्याच्या) रकान्यात दर महिनाअखेर २५-२६ दिवसांची थकबाकी उमटत राहते. एका महिन्यात दोन हप्ते एकदम भरल्याशिवाय हे तुटत नाही. सोबत बाउन्स चार्ज आणि दंडही भरा, मग खातेउतारा मागून ओव्हरड्यू शून्य झालाय का ते बघा. पाच-सहाशे रुपयांचा चार्ज राहिला तरी खातं थकीत दिसू शकतं.

बेळगाव जिल्ह्यात अथणी-रायबागकडे बरेच जण ऊसबिलाच्या भरवशावर हप्ता ठेवतात. बिल १४ दिवसांत द्यायचा नियम आहे, पण तो कागदावर. हप्त्यापुरती रक्कम आदल्या संध्याकाळीच खात्यात हवी. ऑटो-डेबिट सकाळीच लागलं तर दुपारी भरलेले पैसे उपयोगाचे नाहीत.

वसुलीवाला ‘६० हजारांचे ३५ हजार भरा, विषय संपवा’ म्हणाला की मोह होतो. त्यानं कर्ज मिटतं, पण रिपोर्टवर ‘क्लोज्ड’ऐवजी ‘सेटल्ड’ शेरा बसतो आणि पुढची बँक तोच आधी वाचते. जमत असेल तर पूर्ण भरा आणि एनओसी (कर्ज फिटल्याचा दाखला) घ्या. आधीच सेटल केलं असेल तर उरलेली रक्कम भरून शेरा बदलून देणार का, हे बँकेकडून लेखी घ्या.

२०२५ च्या कर्नाटकातल्या मायक्रो लोन कायद्यानं गटाचं कर्ज माफ झालं, ही समजूतही महागात पडते. रिझर्व्ह बँकेकडे नोंदणी असलेल्या बँका आणि फायनान्स कंपन्यांना तो लागू नाही. त्यांचे हप्ते थांबवले की नोंद होतेच. उलट सौहार्द सोसायटी किंवा पतसंस्थेत वेळेवर भरलेलं बऱ्याचदा क्रेडिट ब्युरोपर्यंत (कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या सिबिलसारख्या कंपन्यांपर्यंत) पोचतच नाही, तेव्हा स्कोअर वाढेल या आशेनं तिथं नवं कर्ज काढू नका.

घाईघाईनं चार-पाच ठिकाणी अर्ज टाकू नका, प्रत्येक चौकशी नोंदली जाते. क्रेडिट कार्ड असेल तर मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत वापरा आणि ‘मिनिमम ड्यू’वर न थांबता पूर्ण बिल भरा.

सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही ब्युरो वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट देतात. आपल्याकडे आधारवर एक आणि पॅनवर दुसरं स्पेलिंग असतं. त्यामुळे कधी कधी दुसऱ्याचं कर्ज आपल्या नावावर चढलेलं सापडतं. जामीन राहिलेली कर्जंही तपासा. चूक असेल तर पुराव्यासह तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. खरी लेट नोंद मात्र कुणीच पुसू शकत नाही. पैसे घेऊन ‘सिबिल क्लिअर’ करून देणाऱ्या एजंटालाही नाही.