जत्रेच्या जेवणानंतरची घडी: जास्त खाल्लं गेल्यावर पुन्हा नेहमीवर कसं यावं

करवीर तालुक्यातल्या आत्तीच्या गावी जत्रा असली की कोल्हापुरातली आम्ही सगळी भावंडं जातो. दुपारी पंगत बसते. आधी अळणी, म्हणजे बिनतिखटाचं मटणाचं पाणी, मग तांबडा, पांढरा रस्सा, सुकं मटण, भाकरी आणि शेवटी भात. मागच्या जत्रेला पोट भरल्यावरही मी जेवत राहिले. आत्ती वाढायला आली की म्हणायची, "घे की गं पोरी, रस्साच हाय, पाण्यागत पोटात जातंय," आणि मी वाटी पुढे करायची. उठताना भिंतीला हात लावून उठले.

खरं बिघडलं ते दुसऱ्या दिवशी. सकाळीच ठरवलं, आज काही खायचं नाही. नुसत्या चहावर दिवस काढला. रात्री साडेदहाला घरातले झोपल्यावर फ्रीज उघडून उभी होते आणि आत्तीने बांधून दिलेल्या डब्यातलं थंड मटण बोटांनी खात होते. वर चरबीचा पांढरा थर गोठलेला, तो बाजूला सारायचंही सुचत नव्हतं. मग भडंगाची पिशवी फोडली. सकाळी पुन्हा उपास, रात्री पुन्हा तेच. जत्रेचं जेवण एका दुपारचं होतं, त्याची भरपाई करण्यात माझा आठवडा गेला.

त्यानंतर एवढं पक्कं समजलं की जास्त खाल्ल्यावर हातात एकच गोष्ट असते, ती म्हणजे पुढचं जेवण. ते नेहमीच्या वेळी आणि नेहमीएवढं घ्यायचं. बाकीच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

त्याच दिवशी: पोटाला वेळ द्या

आधी साडीची गाठ, पॅन्टचं बटण सैल करा. आडवं व्हावंसं वाटेल, पण दोन-तीन तास तरी होऊ नका. भरलेल्या पोटाने झोपलं की आम्ल वर येतं आणि छातीत जळजळ सुरू होते. तेल आणि खोबऱ्याच्या दुधाचं जेवण पोटातून लवकर पुढे सरकत नाही, त्यामुळे चार-पाच तास जड वाटलं तर घाबरायचं कारण नाही. गल्लीतल्या गल्लीत दहा-पंधरा मिनिटं सावकाश चाला. जेवणानंतरच्या अशा चालण्याने रक्तातली साखर एकदम चढत नाही. जोरात धावणं, दोरीवरच्या उड्या त्या वेळी नकोत.

पाणी घोट-घोट प्या, लोटाभर एकदम नको. गॅसवाला सोडा प्यायल्यावर ढेकर येते आणि बरं वाटतं, पण आधीच ताणलेल्या पोटात आणखी हवा भरली जाते. पाण्यात फेसाळणाऱ्या पचनाच्या पावडरींमध्येही सोडियम असतं, त्यामुळे रक्तदाब असलेल्यांनी त्या ऊठसूट घेऊ नयेत. रात्री झोपताना उशी थोडी उंच घ्या आणि डाव्या कुशीवर झोपा. त्या कुशीवर आम्ल वर येण्याचं प्रमाण कमी राहतं.

घशात बोटं घालून उलटी करायची नाही. जुलाबाची गोळीही घ्यायची नाही. उलटीतलं आम्ल दात आणि अन्ननलिका खातं, शरीरातले क्षार ढळतात, आणि "खाल्लं तरी काढून टाकता येतं" ही सवय मनात एकदा बसली की सुटणं फार अवघड जातं.

एक गोष्ट मात्र अंगावर काढू नका. छातीत दडपण, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ येत असेल तर "गॅस झालाय" म्हणून ओवा चघळत बसू नका, लगेच दवाखाना गाठा. पोटाच्या वरच्या भागातून पाठीपर्यंत जाणारी, न थांबणारी जोराची कळ आली तरी तसंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी: वजनकाटा राहू द्या

काट्यावर दीड-दोन किलो वाढलेले दिसतील आणि तो आकडा दिवसभर छळेल. पण हिशेब करून बघा. एक किलो चरबी साठायला गरजेपेक्षा साधारण ७,७०० कॅलरी जास्त पोटात जाव्या लागतात. दोन किलोला त्याच्या दुप्पट. जत्रेच्या एका पंगतीत तेवढं खाणं जवळजवळ अशक्य आहे.

मग काटा काय दाखवतो? बरंचसं पाणी. रश्श्यातलं मीठ शरीरात पाणी धरून ठेवतं. भात-भाकरीतल्या पिष्टाचा काही भाग यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन म्हणून साठतो, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलं जातं. शिवाय खाल्लेलं अन्न अजून आतड्यात असतंच. सुजलेली बोटं, घट्ट झालेली अंगठी त्या साठलेल्या पाण्यामुळेच. नेहमीचं जेवण सुरू केलं की हे दोन-चार दिवसांत आपोआप उतरतं. वजन करायचंच असेल तर आठवड्याने करा.

न्याहारी: इथेच सगळं ठरतं

आपल्याकडे लंघनाला मोठा मान आहे, आणि सकाळी खरंच भूक नसेल तर थांबायला हरकत नाही. भूक लागेपर्यंत थांबणं वेगळं आणि कालची शिक्षा म्हणून भूक मारणं वेगळं. पहिल्यात शरीराचं ऐकलं जातं. दुसऱ्यात दुपारी चारपर्यंत डोकं दुखायला लागतं, चिडचिड होते, आणि रात्री हात थांबत नाही. "एकादशी दुप्पट खाशी" हे आपल्या आज्यांनी उगाच म्हटलेलं नाही.

उपासमारीनंतर माणूस कसा खातो हे अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली पाहिलं गेलं. अॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. त्या काळात त्यांच्या मनात सतत अन्नच घोळत राहिलं. नंतर पोटभर मिळायला लागल्यावर त्यांच्यातले काही जण प्रचंड खात होते, तरी त्यांची भूक शमत नव्हती. आपला एका दिवसाचा उपास म्हणजे सहा महिने नव्हेत, हे मान्य. पण दर जत्रेनंतर, दर लग्नानंतर, दर सोमवारी हीच ओढाताण केली तर शरीर तेच शिकतं.

म्हणून सकाळी भूक जाणवली की वाटीभर उप्पीट किंवा पोहे, सोबत एखादं उकडलेलं अंडं किंवा दही. मुगाचं धिरडंही चालेल. मिसळ आजच नको. तिच्यावर बंदी म्हणून नव्हे, कटातल्या तेलामिठाने कालचाच दिवस लांबतो म्हणून. आणि "आज हलकं" म्हणून साबुदाण्याची खिचडी करू नका. पिष्ट, शेंगदाणे आणि तूप यांनी भरलेलं ते ताट हलकं कुठून होणार?

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मनाने उपास करायचा नाही. औषध घेऊन पोट रिकामं ठेवलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. काल जास्त खाल्लं म्हणून आज जादा गोळीही घ्यायची नाही. डॉक्टरांना फोन करा.

दिवसभर

दुपारी जोंधळ्याची भाकरी, मुगाची आमटी, दोडका किंवा मेथी, काकडी, वाटीभर ताक. ताकात मीठ नाममात्र. भाज्या आणि कडधान्यांतल्या चोथ्याने पोट साफ होतं आणि भूक लवकर लागत नाही. रात्री आमटी-भात. संध्याकाळी जमलं तर रंकाळ्यावर एक फेरी मारा, पण काल किती खाल्लं ते मोजत चालू नका. चालण्याची शिक्षा केली की चार दिवसांनी चालणंही नकोसं होतं.

उरलेल्या डब्याचं काय करायचं

माझी गाडी इथेच घसरली होती, म्हणून यावर जरा सविस्तर.

गावाकडून आलेला मोठा डबा तसाच फ्रीजमध्ये ठेवू नका. आल्या आल्या पातेल्यात काढून उकळी आणा आणि निवल्यावर वाटी-वाटीच्या छोट्या डब्यांत भरा. दोन तासांपेक्षा जास्त वेळ ओट्यावर राहू देऊ नका. सुकं वेगळं, रस्सा वेगळा. दोन डबे शेजारी द्या, एक कामवाल्या मावशींना विचारून द्या. उरलेलं दुसऱ्या दिवशी दुपारी, ताटात वाढून, गरम करून, भाकरीबरोबर खा. हे मटण मी पूर्ण बंद केलं असतं तर रात्री तेच डोळ्यांपुढे नाचलं असतं. उद्या दुपारी आपल्याला वाटीभर मिळणार आहे हे ठाऊक असलं की आज रात्री फ्रीजकडे पाय वळत नाहीत. या वर्षी माझे तरी वळले नाहीत.

रात्री उठावंसं वाटलंच तर उभ्याने खाऊ नका. दिवा लावा, ताटलीत घ्या, बसा. दोन घास खाल्ल्यावर कळतं की ही भूक होती, की दिवसभराचा शीण होता, की कुणाचं तरी बोलणं मनाला लागलं होतं. भूक असेल तर खुशाल जेवा.

हे जत्रेपुरतं नसेल तर

सणासुदीला जास्त जेवणं हा आजार नव्हे. पण आठवड्यातून एकदा तरी, असं तीन महिने, थोड्या वेळात खूप खाल्लं जातं, थांबवता येत नाही, लाजेने एकट्याने खाल्लं जातं आणि नंतर स्वतःची किळस येते, असं होत असेल तर तो उपचार होणारा आजार आहे. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत २०१३ पासून त्याची स्वतंत्र नोंद आहे. यात जिभेवर ताबा नसण्याचा दोष नाही, आणि घरच्यांनी "जरा मन आवर" म्हणून तो जात नाही. खाल्ल्यावर उलट्या काढणं किंवा दिवसचे दिवस उपाशी राहणं सुरू असेल तर तीन महिने मोजत बसू नका. मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. लगेच कुणाशी बोलायचं असेल तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

पुढच्या पंगतीला

जत्रेच्या दिवशी सकाळी न्याहारी करून निघा. जेवणासाठी पोट रिकामं ठेवलं की पहिल्या दहा मिनिटांतच वचावचा खाल्लं जातं, आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचायला साधारण वीस मिनिटं लागतात. पंगतीत आपल्याला जे सगळ्यात आवडतं ते आधी घ्या. माझ्यासाठी तो पांढरा रस्सा.

राहिला आग्रह. नुसतं "नको, नको" म्हटलं की वाढणारीला ते "हो" वाटतं. या वर्षी आत्ती पातेलं घेऊन आली तेव्हा मी वाटीवर हात ठेवला आणि म्हटलं, "आत्ती, आता पोटात जागा न्हाई, पर डब्यात घाल, उद्या दुपारी भाकरीबर खातो." तिने माझ्याकडे जरा बघितलं, आत गेली आणि दोन डबे घेऊन आली.