प्लास्टिकबंदीचा सल्लागार व्हायचंय? आधी खरेदीची बिलं वाचायला शिका

या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या बहुतेकांच्या डोळ्यांसमोर जनजागृती असते. पोस्टर, शपथा, कापडी पिशव्यांचं वाटप वगैरे. कंपनी सल्लागाराला पैसे मोजते ते मात्र एका रुक्ष प्रश्नासाठी: गोदामात पडलेल्या मालातलं काय चालेल, काय चालणार नाही, आणि जे चालणार नाही त्याच्या जागी काय आणायचं? ह्याचं उत्तर वस्तूगणिक द्यावं लागतं. म्हणून माझ्या हाताखाली कुणी नवं आलं, की मी त्यांना कायद्याआधी वर्षभराची खरेदीची बिलं वाचायला देते.

बिलावर 'पेपर कप' एवढंच लिहिलेलं असतं, आतल्या अस्तराचा पत्ता नसतो. कपाचा तुकडा गरम पाण्यात भिजत घाला. कागदाचा लगदा होतो आणि प्लास्टिकचा पातळ पापुद्रा हाती येतो. पिशवीची जाडी मोजताना दोन्ही थर एकदम पकडले तर आकडा दुप्पट येतो, त्यामुळे पिशवी कापून एकच थर मोजायचा, तोही चार-पाच ठिकाणी. वस्तूच्या तळाशी असलेल्या त्रिकोणातले, प्लास्टिकचा प्रकार सांगणारे आकडे पाठ हवेत: १ म्हणजे पीईटी, ५ पॉलिप्रॉपिलीन, ६ पॉलिस्टायरिन. ७ म्हणजे 'इतर', त्यावरून फारसं काही कळत नाही. पुरवठादाराकडून लेखी घ्या. तुकडा जाळून वासावरून प्लास्टिक ओळखणारे जुनेजाणते भेटतील. त्यांचं ऐकून घ्या, पण तसं करू नका.

मग कायदा. बंदी घातलेल्या वस्तूंची यादी सगळेच वाचतात. बंदी नेमकी कोणत्या कृतीवर आहे ते फार थोडे वाचतात. भारतात १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या ठरावीक वस्तूंवर आलेल्या बंदीत उत्पादन, आयात, साठवणूक, वितरण, विक्री आणि वापर हे सगळं येतं. 'उरलेला माल संपवतो, मग थांबतो' हे इथे चालत नाही, कारण साठा ठेवणं हाच नियमभंग आहे. अशाच वस्तूंबद्दलचा युरोपीय संघाचा २०१९ चा निर्देश ३ जुलै २०२१ पासून लागू झाला, पण त्याचा रोख वस्तू पहिल्यांदा बाजारात आणण्यावर आहे. त्यामुळे आधीच बाजारात आलेल्या मालाकडे तिथे वेगळ्या नजरेने बघितलं जातं. ग्राहकाचा धंदा दोन देशांत असेल, तर एकच सूचनापत्रक दोन्हीकडे पाठवणं म्हणजे संकटाला आमंत्रण.

कंपोस्ट होणाऱ्या प्लास्टिकचंही तेच. त्यापासून बनवलेल्या चमच्याला भारतात मुभा मिळू शकते, मात्र तो आयएस १७०८८ ह्या मानकाला उतरायला हवा आणि उत्पादकाकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र हवं. युरोपात तो प्लास्टिकच धरला जातो. प्रमाणपत्राची छायाप्रत समोर आली की मान डोलावू नका. त्यावरचं उत्पादकाचं नाव आणि मालावर छापलेलं नाव जुळतं का, ते बघा. पीएलए, म्हणजे मका-उसासारख्या पिकांपासून बनणारं कंपोस्ट होणारं प्लास्टिक, चांगलं कुजायला साठ अंशांच्या आसपासचं तापमान लागतं, ते औद्योगिक कंपोस्ट प्रकल्पातच मिळतं. तशी सोय नसेल तर नियम पाळला जाईल, कचरा मात्र जिथे जायचा तिथेच जाईल. हे ग्राहकाला आधीच सांगून ठेवावं. नंतर वर्तमानपत्रातून कळलं तर रोष तुमच्यावर येतो.

पर्याय सुचवताना माझा क्रम ठरलेला आहे. आधी विचारायचं, ही वस्तू लागतेच का? ढवळायच्या काड्या बऱ्याच ठिकाणी नुसत्या सवयीने ठेवलेल्या असतात. नंतर पुन्हा वापरता येईल असं काही. इथे धुण्याची जागा, माणसं, फूटतूट हे सगळं हिशेबात धरा, नाहीतर योजना कागदावरच राहते. दुसऱ्या सामग्रीची एकदाच वापरायची वस्तू सगळ्यात शेवटी. लगद्याच्या ताटवाट्यांना तेल-पाणी झिरपू नये म्हणून पीएफएएस गटातली, निसर्गात सहजी न विरघटणारी रसायनं वापरलेली असू शकतात. चाचणी अहवाल मागा.

सवलतींचं कलमही नीट वाचा. इंग्लंडमध्ये स्ट्रॉवर २०२० पासून बंधनं आहेत, तरी उपाहारगृहाला कुणी मागितली तर प्लास्टिकची स्ट्रॉ देता येते, फक्त ती दर्शनी ठेवायची नाही. काही अपंग व्यक्तींना तिच्यावाचून पिता येत नाही. उत्साहाच्या भरात साहेबाने 'एकही नको' असा हुकूम काढला, तर त्याला अडवणं तुमचं काम.

माणसांबद्दल थोडंसं. बंदीला विरोध खरेदी विभागातून होतो असं म्हणतात. मला तसं वाटत नाही. त्या माणसाने वर्षभराचा करार केलेला असतो आणि दरवाढीचा जाब त्यालाच द्यावा लागतो. त्याच्याशी पहिल्याच आठवड्यात बोला, करार संपायच्या तारखा विचारा आणि बदल शक्य तिथे त्या तारखांभोवती बसवा. पॅकिंगवर उभं राहून काम करणाऱ्यांना नमुना वापरायला द्या. झाकण गळतं हे त्यांना दहा मिनिटांत कळतं.

शिक्षण कुठलं हवं? पॅकेजिंग, रसायनशास्त्र, कायदा, वाणिज्य, काहीही चालेल. सुरुवात एखाद्या कंपनीच्या खरेदी किंवा गुणवत्ता विभागातून केलीत तर उत्तम, कारण पुरवठादार कुठे काय लपवतात ते तिथे कळतं. आणि पर्यायी माल विकणारे तुम्हाला कमिशन देऊ करतील, कधी उघड, कधी दिवाळीच्या भेटीच्या आडून. घेऊ नका. फी ग्राहकाकडून घ्या, आणि कोणत्याही विक्रेत्याशी आर्थिक संबंध नाही असं करारातच लिहून द्या.